बोंड्याचा शेवटचा करंडक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुऱ्हाळी न येता माहेरी निघालेली बाई म्हटली की लोकांना दोनच कारणं सुचतात: भांडायला चालली असेल, नाहीतर वाटणी मागायला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून चारुलताने जळगावच्या आपल्या घरात आधीच सांगून टाकलं, "मी गेम खेळायला चाललेय." नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. चाळिशी गाठलेली बायको असं म्हणाली की माणूस काय बोलणार? त्याने पुन्हा पेपरात डोकं घातलं.

कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. दिवाळीनंतर तिची आई, मंदाबाई, गेली. त्यानंतरची ही पहिली आखाजी. लेकीला सासरहून आणायला जो जातो तो मुऱ्हाळी, आणि दर वर्षी ते काम धाकटा भाऊ हितेंद्र न चुकता करायचा. यंदा तो आला नाही. फोनवरसुद्धा "ये" म्हणाला नाही. चारुलताचे डोळे दाराला लागून राहिले. आईबरोबर आपलं माहेरही गेलं का, हा एकच प्रश्न तिला आतून खात होता, आणि तो विचारायची सोय नव्हती. भावाला असलं विचारायचं म्हणजे आपणच आपली शोभा करून घ्यायची. मग आखाजीच्या सकाळी गेमचं निमित्त पदरी बांधून ती सुरतेकडच्या पॅसेंजरमध्ये बसली आणि नरडाण्याला उतरली.

गेम जुनाट. मामाने सुरतेहून वापरलेलाच आणून दिलेला, टीव्हीला जोडायचा. त्यात राक्षस पाळायचे आणि स्पर्धेत लढवायचे. गंमत अशी, की कुठलीही सीडी घातली की तिच्यातून एक नवा राक्षस जन्माला यायचा. भावंडांनी आरत्यांच्या, लग्नाच्या, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सीड्या घालून पाहिल्या. शेवटी कापसाच्या बियाण्याबरोबर फुकट मिळालेली जाहिरातीची सीडी घातली, तर तिच्यातून एक गोल, पांढरा, केसाळ प्राणी बाहेर आला. त्याचं नाव बोंड्या. त्याला खाऊ घालायचं, रागवायचं, सराव करून घ्यायचा, हे हितेंद्रकडे. लढाईला मात्र रिमोट चारुलताच्या हातात.

बोंड्याने झाडून सगळे करंडक पटकावले. एकच राहिला, सगळ्यात मोठा. पण या गेममधले राक्षस म्हातारे होतात, आणि बोंड्याचं वय झालं होतं. तेवढ्यात चारुलताचं लग्न ठरलं. मग दोघांनी त्याला गेममधल्या बर्फात ठेवून दिलं, कारण बर्फात वय वाढत नाही. शेवटचा करंडक दोघांनी मिळूनच खेळायचा असं ठरलं, आणि दर आखाजीला झोके, पाहुणे आणि आमरसावरची झोप यांत तो राहूनच गेला. राहिला ते बरंच झालं. काहीतरी अर्धं टाकून आलेल्या माणसाला परत जायला तोंड असतं.

ती दारात पोचली तेव्हा आखाजीला पितरांसाठी भरतात ती घागर आईच्या नावाने भरून झाली होती, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवलेल्या. हितेंद्र गडबडीने उठला.

"अक्का! तू उनी!"

"खेयाले उनू. बोंड्याले काढ बाहेर."

त्याचा चेहरा खुलला की पडला, हे काही तिला कळलं नाही. त्याची बायको मोनाली पाणी घेऊन आली, आग्रहाने जेवायला वाढलं, पण 'न्यायला का आलो नाही' यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. घासागणिक चारुलताला आईची आठवण येत होती.

जेवणं झाल्यावर हितेंद्रने माळ्यावरून जुना डबडा टीव्ही उतरवला. वायरी खोचल्या, दोन थपडा मारल्या, आणि चित्र आलं. बोंड्या बर्फातून निघाला तसा शिंकला. दोघंही लहान मुलांसारखी हसली. मग एकेक लढत सुरू झाली. "खाले दाब, खाले!" म्हणून हितेंद्र ओरडायचा, आणि चारुलता त्याला दटावायची. बघता बघता बोंड्या अंतिम फेरीत जाऊन उभा राहिला.

समोर शिंगांचा एक दगडी राक्षस. मारामारीत त्याची ताकद तळाला गेली होती, बोंड्याची त्याहून खाली. एक फटका मारला तर करंडक, आणि वेळ संपली तर हार. चारुलताचा अंगठा बटणावर थांबला. हा फटका बसला की गेम संपला. मग पुढच्या आखाजीला काय सांगून यायचं?

"मार ना अक्का! टाइम चालना!"

"हितू," टीव्हीवरची नजर न काढता तिने शेवटी ते विचारलंच, "तू माले लेवाले काब्र उना नही?"

कोपऱ्यातले आकडे उतरत होते.

"माले कोनी सांगंच नही," तो हळूच म्हणाला.

"म्हंजे?"

"दर साल माय सांगे, 'जाय रे, अक्काले ली ये.' यंदा मी वाट दखत बसनू. कोनी सांगंच नही."

दोन पोरांचा बाप, डोक्याचे केस पिकायला लागलेले, आणि आई कधी सांगते म्हणून घरात वाट बघत बसलेला! चारुलताला हसू आणि रडू एकदमच आलं, पण बाहेर पडलं ते रडू. ती तिकडे याची वाट बघत होती, आणि हा इथे आईची.

टीव्हीत शिट्टी वाजली. वेळ संपली होती. दगडी राक्षस जिंकला, बोंड्याने मैदानातच बसकण मारली, आणि तो आता पुन्हा कधी लढणार नाही, असं गेमने दोन ओळींत कळवलं. रिमोट चारुलताच्या मांडीवर तसाच पडून राहिला.

तिने पदराने तोंड पुसलं.

"दख हितू, पुढला साल माले लेवाले ये. मी सांगी ऱ्हायनू."

"बरं," तो लगेच म्हणाला. किती दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "सकायनी गाडीवर येऊ, का दुपारनी?"

हे तो दर वर्षी आईला विचारत असणार. चारुलताला हुंदका आवरेना. आईची जागा अशी आपल्या वाट्याला यावी, हे तिला नकोच होतं. तिला आई हवी होती. पण भाऊ तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.

"सकायनी," ती म्हणाली.