बकुळाच्या कनवटीची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. निदान मला तसं वाटतं. मिरकरवाडा बंदरात चौकशी कराल, तर अशी काही डबी नाहीच.

रत्नागिरीच्या एका तांबटाने मला घडवलं आणि बकुळाने नव्या संसारासाठी मला विकत घेतलं. झाकणावर तिने हौसेने नाव घालून घेतलं, 'सौ. बकुळा मोरू'. हंड्या-कळशांचा मान मला मिळाला, म्हणून मी फार फुशारले. मग तिने तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजली, कुटली आणि माझ्यात भरली. हीच मशेरी. ती बोटाने दातांना घासायची. सकाळी उठल्यावर, लिलावाला जाण्याआधी, मासळी विकून झाल्यावर आणि मधे उगाच. इतके स्वच्छ दात साऱ्या बंदरात कुणाचे नसतील, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं.

तिचा नवरा मोरू ट्रॉलरवर जायचा आणि बिडी ओढायचा. बिडीचा थाट काय सांगू! तिच्या नावाने घरात शिव्या, देवळात शपथा. माझ्या वाट्याला साधी शिवीसुद्धा आली नाही.

एकदा पाहणीसाठी आरोग्य खात्याच्या ताई आल्या.

"घरात रोज धूम्रपान कोण करतं?"

"हा काय बसलाय!" बकुळाने मोरूकडे बोट दाखवलं. "नुसतं धुराडं!"

"आणि तुम्ही?"

"इश्श! आमच्यात बायका नाय ओढीत वो."

"बरं, तंबाखू वगैरे?"

"नाय बा."

बोलताना तिने मला कनवटीत आणखी आत खोचलं. मी तेव्हा गच्च भरलेली होते.

पुढे खोकल्याला कंटाळून मोरूने बिडी सोडली. आळीत पेढे वाटले. "आमच्या घरात आता कुणाला व्यसन नाय," बकुळा सांगत सुटली. सांगताना बोट तोंडातच होतं.

मग तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. तिखट झोंबू लागलं, घरचं कालवण फिकं झालं. सून संध्या तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तंबाखू घेता?" बकुळाने ठाम मान हलवली. बाई मलम लिहू लागल्या. इतक्यात तोंड पुसायला बकुळाने कनवटीचा रुमाल ओढला आणि मी ठणकन फरशीवर पडले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बकुळानेही पाहिलं, अगदी परक्यासारखं.

"माजी नाय ती. कुणाची तरी पडली असंल."

मित्रांनो, जिच्या पोटाशी आयुष्य काढलं, तिचे हे शब्द!

संध्याने मला उचललं, झाकण पदराने पुसलं. "आई, नाव तुमचंच हाय वर."

बकुळा उसळली. "पण ती तंबाखू कशी? भाजल्येय की मी!"

"भाजली तरी तंबाखूच ती, आजी," बाई म्हणाल्या. त्यांनी मलमाचा कागद बाजूला सारला आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला: अजून कर्करोग नाही, पण मशेरी सुटली नाही तर होऊ शकतो. बकुळाने मला राखेने घासून काढलं. आता माझ्यात साडीच्या पिना असतात. टोचतात, पण त्या असल्याचं कुणी नाकारत नाही.

परवा त्या पाहणीच्या ताई पुन्हा आल्या. ओटीवर शेजारची हौसा बसली होती. तिच्या कनवटीला माझी बहीण आहे, त्याच तांबटाकडची.

"छे! आमच्यात बायका नाय ओढीत," हौसा म्हणाली.

"ताई, तिला ओढतेस काय म्हणून इचारू नका," बकुळा म्हणाली. "दात कशानं घासतेस, त्ये इचारा."

"मेल्ये, शेजारीण ना गो तू माजी!" हौसाचा हात कनवटीवर गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी आजी असेल, काकू असेल. त्यांना हाच प्रश्न विचारा. डबी निघाली तर तिला खुशाल शिव्या द्या, आम्हाला राग नाही. पण ती नाहीच, असं मात्र म्हणू नका.