पूजेतलं नवं हत्यार

लग्नाला दीड वर्ष झालं तरी मोशीच्या सासुरवाडीत निरंजनला पंख्याखालची खुर्चीच मिळत होती. सासरे, ज्योतीरामअण्णा, कधी वाकडं बोलले नाहीत. पण लेकीनं स्वतः पसंत केलेला हा जावई दारात दिसला, की ते हातातलं काम खाली ठेवत, सदऱ्याचं वरचं बटण लावत आणि "बसा पाव्हणं" म्हणत. एवढा मान त्यांनी कंपनीतल्या साहेबांनाही दिला नसेल. निरंजनला तो मान नकोसा झाला होता. लेकीला, दीपमालाला, जसं ते "ए, पक्कड आण गं" म्हणत, तसं आपल्यालाही एकदा म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण असलं काही तोंडानं कसं मागणार?

म्हणून खंडेनवमीच्या सकाळी अण्णांनी त्याला आपल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला, तेव्हा तो मनातून हरखला.

तो कॉम्प्युटर दीपमाला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा घेतलेला. महाळुंग्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर अण्णा त्यावरच ड्रॉइंग काढायला शिकले होते, आणि ओळखीचे छोटे कारखानदार अजून त्यांच्याकडे येत होते. यंत्र मात्र फार म्हातारं. बटण दाबायचं, आंघोळ उरकून यायचं, तेव्हा कुठं स्क्रीन उजळायची.

निरंजनकडे जुन्या लॅपटॉपमधली एक वेगवान ड्राइव्ह पडून होती. अडचण अशी, की असली ड्राइव्ह हा मदरबोर्ड जन्मला त्यानंतरची. ती जोडणीच्या कार्डावर बसवली तरी चालू होताना बोर्ड तिला ओळखच देईना. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्राम असतो, यंत्राला जाग आणणारा. निरंजननं त्याची प्रत आपल्या लॅपटॉपवर काढून ठेवली, दुसऱ्या प्रतीत ही ड्राइव्ह ओळखण्याचा भाग घुसवला, आणि आता ती चिपमध्ये परत लिहायची होती.

"साधी एसएसडी बसव की," दीपमाला म्हणाली. "नसता उद्योग कशाला?"

"ही कितीतरी जास्त पळते," तो म्हणाला. खरं कारण वेगळंच होतं. साधी तर कोणीही बसवेल, त्यात सासऱ्यापुढे मिरवायला काय उरतं?

लिहिणं चालू असताना वीज गेली की बोर्ड मेलाच. म्हणून त्यानं सगळी चौकशी केली. आज गुरुवार नव्हता, म्हणजे दर आठवड्याच्या दुरुस्तीसाठी वीज जायची भीती नव्हती. आभाळ स्वच्छ होतं. कुठल्याच स्विचला हात लावू नका, असं त्यानं दीपमालाला बजावलं, स्वयंपाकघरात जाऊन सासूबाई शालनबाईंना बजावलं, आणि लिहायचं बटण दाबलं. अण्णा तेवढ्यात अंगणात झेंडू तोडायला गेले होते.

इकडे हॉलमध्ये पाट मांडून तयार होता. लाल कापडावर अण्णांचा मायक्रोमीटर, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, शालनबाईंची शिवणाची कात्री, दीपमालाचा लॅपटॉप. निरंजनची बॅग कोपऱ्यात होती तशीच होती. पाहुण्याचं सामान कोण पूजेत मांडतं? त्याला ते जरा लागलं होतं.

अण्णा झेंडू घेऊन आले. आणि सारा जन्म कंपनीत खंडेनवमीला जे केलं, तेच त्यांनी केलं. मशिनला पाण्याचा, फुलाचा हात लावायच्या आधी वीज तोडायची. त्यांनी दारामागचा मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली.

"अण्णा!" दीपमाला ओरडली. अण्णांनी घाईघाईनं मेन वर केला. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा फिरू लागला, पण स्क्रीनवर काही येईना.

"माझंच चुकलं अण्णा," निरंजन म्हणाला. "तुम्हाला सांगायचं राहिलं."

"मेलं का यंत्र?" अण्णा फुलं हातात धरून तसेच खाली बसले. "दीपाच्या शिक्षणाचं हाय ते. माज्या हातानं घालवलं मी."

निरंजन चटकन डब्यापुढं बसला. मिरवायची हौस कुठल्या कुठं गेली. त्यानं मोबाईलचा उजेड डब्यात टाकला आणि त्याच्या जिवात जीव आला. चिप डाग देऊन चिकटवलेली नव्हती, खाचेत बसवलेली होती. काढून बाहेर लिहिता येणार होती. हिंजवडीच्या ऑफिसात तो हेच काम करायचा. चिप लिहायचं काड्यापेटीएवढं यंत्र बॅगेतच होतं.

"अण्णा, तो बारीक स्क्रूड्रायव्हर द्या बघू, लवकर!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. सासऱ्याला हुकूम! त्यात तो स्क्रूड्रायव्हर पाटावर.

"मांडल्यालं हत्यार उद्यापातूर उचलायचं न्हाई," शालनबाई दारातून म्हणाल्या.

अण्णा क्षणभर घुटमळले. मग पाटाला हात जोडून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "देव घील समजून. हं, धर. मी उजेड दावतो."

दोन्ही टोकांनी हळूहळू उचलत चिप सुटली. निरंजननं ती आपल्या यंत्रात बसवून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली.

"जुनंच परत घालू का अण्णा? त्यात धोका नाही."

"एवढं रामायण झाल्यावर जुनं कशाला? नवंच घाल."

लिहून होईपर्यंत कोणी हललं नाही. चिप खाचेत परत गेली. बटण दाबलं, आणि बोर्डानं नवी ड्राइव्ह नावानिशी दाखवली. त्यावर सगळं चढवायला दुपार झाली. मग मात्र बटण दाबल्यावर अण्णांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत स्क्रीन उजळली होती. "आयला!" ते म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले.

तो आपलं यंत्र बॅगेत टाकायला निघाला, तसं अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"ते कुठं चाललं? तुजं हत्यार हाय न्हवं? आण हिकडं."

त्यांनी मायक्रोमीटर जरा सरकवून, त्याच्या नि कात्रीच्या मधे ते यंत्र ठेवलं. स्क्रूड्रायव्हर जागेवर गेला. मग हळदीकुंकवाची वाटी पुढं ओढत, सदऱ्याचं वरचं बटण उघडंच ठेवून, अण्णांनी मागं न बघता हाक मारली.

"ए निरंजन, कॉम्प्युटर नीट बंद कर आन् जा, मेन खाली वढ रं."