दुरुस्तीचा रविवार

प्रशिक गेला तेव्हापासून मी रडलो नाही, आणि लोकांले त्याचंच कौतुक. "अमोल किती खंबीर आहे!" खंबीर कायचा डोंबलाचा! मले काही जाणवूनच नव्हतं राहिलं. सकाळी बुटीबोरीच्या कंपनीत कार्ड पंच करायचं, दुपारी कॅन्टीनची भाजी गिळायची, संध्याकाळी स्टाफ बसच्या खिडकीले डोकं टेकून घरी यायचं. भाजी कशाची होती असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा मुद्दाम ठेल्यावर जाऊन जहाल तर्री टाकून पोहे खाल्ले. नाकातून पाणी आलं, चव नाही आली.

आता मी प्रशिकचा कोण? जगासाठी मित्र. खरं म्हणजे सहा वर्षं आम्ही एकमेकांचे होतो, आणि हे माहीत होतं फक्त आमच्या मंडळाले.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. मेघाचं सदर भागात ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी जमतो. आमच्यासारखे लोक ज्यात आहेत अशा विज्ञानकथा, भुताटकीच्या कथा, परग्रहाच्या कादंबऱ्या वाचायच्या आणि मंग त्याच्यावर कचाकचा भांडायचं. बाई बाईवर जीव लावते, पुरुष पुरुषावर, एखादं पात्र बाईही नसते न पुरुषही नसते, आणि वरून यान उडते. घरी सांगायचं, इंग्रजीच्या क्लासले जाऊन राहिलो.

तिथं सगळ्यात जास्त तडकायचा प्रशिक. एरवी पोरांले फिजिक्सची ट्यूशन देणारा शांत माणूस, पण पुस्तकाचं शेवटचं पान आलं का पेटायचा. "यान प्रकाशापेक्षा जोरात पळते ते चालते यांले. तीन डोक्याचा राजा चालते. पण दोन पुरुष सोबत म्हातारे झालेले चालत नाही! एकाले मारलाच पायजे!" मंग त्यानंच रिवाज पाडला. ज्या पुस्तकात आमच्यातला कोणी मेला, त्याची दुरुस्ती करायची. प्रत्येकानं आपला शेवट तोंडी सांगायचा, पानभर. दुसऱ्याच्या शेवटाले हसायचं नाही. आणि बघे नको. खोलीत जो बसला तो बोलला, मग तो आजच पहिल्यांदा का आला असेना.

आमचं शेवटचं पुस्तक जहाजाचं होतं. दूरच्या ग्रहाकडं निघालेलं जहाज, त्यावर एकमेकांवर जीव लावणारे दोन पहारेकरी. एक जागते तेव्हा दुसरा बर्फाच्या पेटीत झोपलेला. पाळी बदलते त्या एका दिवशीच दोघांची भेट. प्रशिक म्हणे, "हे तर तुयी बुटीबोरीची शिफ्ट आहे बे." मी भराभर वाचून मोकळा झालो. तो अर्ध्यात होता आणि त्याले डेंग्यू झाला.

दवाखान्यात सलाइन लावलेल्या हातानं त्यानं माहा शर्ट धरला. "शेवटी जगतात का बे दोघं?"

आमच्यात शेवट फोडणं म्हणजे महापाप. पण मी फोडला. "जगतात," म्हटलं. "दोघंही. तुयी शपथ." आणि तोही खोटा. पुस्तकात एक जण पेटीतून उठतच नाही. दुसरा झाकण लावते आणि आपल्या पाळीवर निघून जाते. संपलं पुस्तक. त्या आठवड्यात प्रशिकही संपला.

त्याच्या घरचे मले अजून येऊ देत होते. त्याचे बाबा बळीरामकाका, रेल्वेतून रिटायर झालेले, दारात जयभीम घालून आत घ्यायचे. आई, जयाकाकू, चहा टाकायच्या. मी प्रशिकच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसायचो, बस. माह्या वाट्याले तेवढंच उरलं होतं. त्यांले कळलं असतं का मी कोण, तर तेही गेलं असतं. म्हणून तोंडाले कुलूप लावून ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी मेघानं मंडळ पुन्हा बोलावलं. जहाजाची दुरुस्ती राहिली होती. मले जायचं नव्हतं. मेघाचा फोन आला, "नको बोलू, पण येऊन बस तर!" बसायले काय, इथं बसलो काय न तिथं बसलो काय. गेलो.

मेघा, मी आणि कॉलेजात शिकणारी गुंजन, एवढेच होतो. गुंजननं सुरुवात करायले तोंड उघडलं न जिन्यावर पावलं वाजली. दारात बळीरामकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काखेत ते जहाजाचं पुस्तक.

मी उठून उभा राहिलो. हातपाय थंड पडले म्हणतात तसं काही झालं नाही, ते आधीपासूनच थंड होते. फक्त वाटलं, चला, हेही गेलं.

"त्याच्या फोनमध्ये दर रविवारी गजर वाजते," काका म्हणाले. "'सदर, मेघाकडे, दुरुस्ती.' पहिले वाटलं कूलर टाकला का काय यानं दुरुस्तीले." ते चटईवर भिंतीले टेकून बसले. "मंग हे पुस्तक त्याच्या उशाशी सापडलं. वाचलं. मी बसलो तर चालन ना?"

मेघानं माह्याकडं पाह्यलं. तिनं काकांले पाणी दिलं आणि रिवाज सांगितला. काका म्हणाले, "बरं."

गुंजननं आपला शेवट सांगितला. त्यात पेटीची तार सैल झाली होती, जोडल्यावर पहारेकरी शिंकत उठला. मेघाच्या शेवटात जहाज काळाच्या भोवऱ्यात सापडलं आणि मागच्या पाळीत येऊन पडलं. दोघींनीही त्याले वाचवलं. आम्ही नेहमी तेच करतो. माही पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मले काही सुचून नाही राहिलं." पहिल्यांदाच कोणी रिवाज मोडला.

काकांनी चष्मा पुसला.

"एक तक्रार आहे मायी," ते म्हणाले. "एवढं मोठं पुस्तक, पण एकाही माणसाले बाप नाही. आकाशातून पडले का हे सारे?"

गुंजन हसणार होती, तिनं तोंडावर ओढणी धरली.

"तुम्ही दोघींनी मेलेल्याले उठवलं. मले नाही जमत बाई ते. मी हलवून पाह्यलं आहे, नाही उठत. तर माह्या शेवटात तो मेलेलाच आहे. पण ते जहाज एका ठेसनावर थांबते. रेल्वेत जिंदगी गेली, मी तर थांबवीनच. ठेसनावर त्या मेलेल्याचा बाप उभा आहे. तो आत चढते. पोराची पेटी पाहते. मंग त्या दुसऱ्याकडं जाते, जो मागं राहिला त्याच्याकडं. लेखकानं त्याले नुसतं ड्युटीवर पाठवून दिलं. असं असते का? त्याचं काय झालं, हे कोणीच विचारलं नाही."

काका आता माह्याकडं पाहून बोलत होते.

"तू दवाखान्यात त्याले सांगितलं, दोघं जगतात. शपथ घेऊन. मी बाजूले बाटलीत पाणी भरत होतो. मंग पुस्तक वाचलं. शेवटच्या पानावर आलो न म्हटलं, हा पोरगा तर खोटं बोलला. का बोलला असन? साधा दोस्त असता तर म्हणाला असता, 'बरा हो न वाच.' लय वेळ बसलो ते पान घेऊन. राग आला मले. खोटं नाही बोलत. तुया नाही, त्याचा. मले नाही सांगितलं त्यानं. मंग वाटलं, मी तरी कधी विचारलं?"



"त्याच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात तू वाढून राहिला होतास," काका म्हणाले. "साऱ्या पंगतींले. मी पाहत होतो. शेवटची पंगत घरच्यांची बसली तेव्हा तू रिकाम्या बादल्या घेऊन निघून गेलास. तुले वाटलं कोणाचं लक्ष नाही."

"हो," मी म्हटलं.

"तर माह्या शेवटात तो बाप त्या दुसऱ्याले घरच्या पंगतीत बसवते. आपल्या बाजूले. एवढंच आहे मायं पान."

मेघा खाली मान घालून चटईची काडी मोडत होती. मले वाटलं आता मी रडीन, पण छे! तोंडातून निघालं ते भलतंच. मंडळातली सवय.

"काका, जहाज आहे ते. तिथं वजन नाही राहत माणसाले. पंगत बसन कशी? सारे तरंगतीन."

काकांनी थोडा विचार केला. "मंग धरून बसतीन एकमेकाले," ते म्हणाले.

मेघा रडायले लागली. गुंजनही. मी नाही. मी काकांच्या शर्टाच्या बाहीकडं पाहत बसलो.

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चाल घरी. जयानं पाटवड्यांचा रस्सा केला आहे."

"काकूले माहीत आहे?"

"तिनंच तर धाडलं मले. तिनं माह्या आधीच वाचून ठेवलं होतं पुस्तक."

मी चपला शोधल्या. जिना उतरताना काका पुढं, मी मागं. खालच्या पायरीवर मी विचारलं, "रस्सा झणझणीत आहे का?"

"आहे ना बापा," काका म्हणाले. "काहून?"

"काही नाही," मी म्हटलं. "भूक लागली."