कोल्ही नाल्यावरचा लाल पट्टा

टेंभुर्ण्याच्या कोल्ही नाल्याचं वर्तन कधीच चांगलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यात चिमणीची चोच भिजेल एवढं पाणी नसे आणि पावसाळ्यात त्याने एकदा हत्ती वाहून नेला होता. हत्ती कोणाचा, असं कोणी विचारलं की गावातले म्हातारे रागवत. वाहून गेलेल्या हत्तीवर मालकी सांगायला कोण येतो, असं त्यांचं म्हणणं.

या नाल्यापायी टेंभुर्णं पावसाळाभर जगातून उठून जाई. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वराकडे जाणारी सडक लांब राहिली, आणि मधली वाट पडली काळ्या मातीची. पाऊस लागला की ती माती फुगायची आणि बैल, गाडी, जोडा, जे सापडेल ते गिळून बसायची. सडकेवर पूर्वी एका खासगी मालकाची मोटार चाले, तीही कोळशाच्या गॅसवर. मागे भट्टी, आत धूर. तिच्यातून एकदा लग्नाचं वऱ्हाड उतरलं, तर नवरदेव कोणता ते नवरीकडच्यांना कळेना. अंदाजाने एकाला ओढून आंघोळ घातली, तो मुलाचा मामा निघाला.

मग महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, धुराची मोटार भंगारात गेली आणि डिझेलची एसटी धावू लागली. टेंभुर्ण्याने गाडीसाठी उन्हाळाभर श्रमदान केलं. मुरूम वाहिला, दोन्ही अंगांना कडुनिंब लावले. बांधकाम खात्याने नाल्यात दगडी रपटा बांधून दिला, म्हणजे पुराचं पाणी अंगावरून जाईल पण रस्ता जागचा हलणार नाही असा बुटका पूल. रपट्याच्या मध्यावर एक खांब रोवला. खाली पांढरा, वर लाल. पाणी लालाला टेकलं की गाडीने पलीकडेच थांबायचं.

त्या खांबाची आणि गावापर्यंतच्या सडकेची राखण देवमनकडे होती. देवमन मैलकुली. खड्डे बुजवायचे, नाल्या मोकळ्या ठेवायच्या, कडुनिंबांना काटे लावायचे आणि उन्हाळा सरता सरता खांबाला रंग द्यायचा. बौद्ध वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. खाकी सदरा घालून तो पहिल्या दिवशी निघाला तेव्हा त्याची बायको भागीरथा त्याच्याशी ओळखीच्या माणसासारखी बोललीच नाही, तहसीलदाराशी बोलावं तशी बोलली. रंगाचा डबा देताना बांधकाम खात्याच्या साहेबाने त्याला समजावलं होतं की पाणी चाकाच्या मध्याच्या वर चढलं की गाडी कितीही जड असो, ती हलकी होते आणि प्रवाह तिला पेंढीसारखी उचलतो. म्हणून लाल तिथं. देवमनने ते ध्यानात ठेवलं होतं.

पहिल्या पावसाळ्यातच भानगड झाली. अमरावतीहून संध्याकाळी येणारी गाडी गावात मुक्काम करी आणि सकाळी परत जाई. पण नाला थोडा फुगला की पाणी लालाला टेकायचं. ड्रायव्हर जानराव बार्शीटाकळीचा. त्याचा देवापेक्षा खांबावर भरोसा. तो बिडी ओढत पलीकडे थांबे, थांबून थांबून गाडी वळवी आणि सडकेवरच्या गावी मुक्कामाला जाई. मग सकाळची गाडीही नसे. एक पावसाळा असा गेला, दुसऱ्याचीही सुरुवात तशीच झाली. डेपोतून निरोप आला, गाडी अशीच अडत राहिली तर टेंभुर्ण्याचा मुक्काम बंद.

निरोप ऐकून गावाला वाईट वाटलं. देवमनचं तर त्यात घर अडकलं होतं. त्याची मुलगी शकुन अमरावतीच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती. वस्तीतली एवढी शिकलेली पहिली पोर. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची. बुडालेल्या दिवसांचा हिशेब तिच्या हेडमास्तरांनी बोलून दाखवला होता: हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसू देता येणार नाही.

हे सरपंच खुशालरावाला ठाऊक होतं. निवडणुकीत त्याने गाडी आणायचं वचन दिलं होतं, आणलीही होती, आणि आता ती त्याच्या डोळ्यांदेखत चालली होती. एका सकाळी तो रपट्यावर आला, देवमन गाळ काढत होता तिथं उकिडवा बसला आणि त्याला 'देवमनभाऊ' म्हणाला. आजवर त्याच्या तोंडून 'देवमन्या' याशिवाय काही निघालं नव्हतं. देवमनला तिथंच धास्ती वाटली.

"साहेब भित्रा हाये," खुशालराव म्हणाला. "लाल खाली लावला म्हणजे त्याची चिंता मिटली. गाडी आपली बंद होते, त्याची नाई. चार बोटं वर घे, बाप्पा. चार बोटांनं काय होते?"

"माही नोकरी जाईन, भाऊ."

"सांगते कोण? सारं गाव तुह्या मांगं हाये." खुशालरावाने काडीने चिखल कोरला. "अन् शकुनची हजेरी कुठून आणशीन?"

देवमन त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने लालाची खालची चार बोटं पांढऱ्या रंगाखाली गाडली.

काहीही झालं नाही, हेच वाईट झालं. पाणी पूर्वीच्या लालावर चढलं, जानरावाला ते पांढऱ्यातच दिसलं, गाडी पाणी उडवत आली आणि अलीकडे जमलेल्या गावाने हात हलवून तिचं स्वागत केलं. तेव्हापासून ती रीतच पडली. नाला फुगला की माणसं काठावर जमत, हात हलवत, गाडी ओलांडून येई. बायका देवमनच्या घरी भाजी पाठवू लागल्या. ज्यांच्या अंगणात तो कधी उभा राहिला नव्हता ते त्याला चहा विचारू लागले. मग आणखी मोठा पाऊस झाला, गाडी एकदा अडली, आणि खुशालराव पुन्हा रपट्यावर येऊन बसला. पुन्हा चार बोटं. मग पुन्हा, आणि पुन्हा. सरकारी खांब टेंभुर्ण्याचं पाणी पिऊन वाढीला लागला, असं गावात हसत हसत बोललं जाई. यंदा नाल्याला अक्कल आली, असं जानराव डेपोत सांगे.

देवमन हसत नसे. रात्री पाऊस वाजला की तो उठून बसे आणि भागीरथेने विचारलं तर कौलं गळतात का पाहतो म्हणे. कौलं गळत नव्हती. शकुनची हजेरी मात्र भरत होती, आणि तिचं पुस्तक वाचणं ऐकलं की त्याला वाटे, चालू दे एवढा पावसाळा.

पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शकुन घरी होती. सकाळपासून आभाळ वर डोंगराच्या अंगाला काळं होतं, गावावर मात्र थेंब नव्हता. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहायच्या आधी नाला गढूळ लोंढा घेऊन आला. देवमन धावत गेला तोवर रपटा दिसेनासा झाला होता. अलीकडे नवे कासरे, झुली, शिंगांना बेगड लावलेले बैल आणि नव्या टोप्या घातलेली माणसं जमली होती. पलीकडे गाडी येऊन थांबली. पोळ्यासाठी घरी निघालेलं अर्धं गाव तिच्यात कोंबलेलं. अमरावतीला झुली घ्यायला गेलेला खुशालराव पुढच्याच बाकावर होता.

जानरावाने खांब पाहिला. पाणी पांढऱ्यात होतं. लाल अजून वर कोरडा. त्याने गिअर टाकला.

देवमन ओरडला. नाल्याच्या आवाजात त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. त्याने दोन्ही हात हलवले, थांबा म्हणून. आणि त्याच्या शेजारची सारी माणसं, रोजच्या सवयीने, हसत हात हलवू लागली. या, या. गाडीने पुढची चाकं पाण्यात घातली.

त्या घटकेला देवमनला दोनच गोष्टी कळत होत्या. गाडी आली तर ती पेंढीसारखी जाईल. आणि तिला अडवायचं तर खांब खोटा आहे हे साऱ्यांपुढे दाखवावं लागेल, मग नोकरी गेली, शाळा गेली. त्याने फार विचार केला असं सांगणारे सांगतात. पण विचार करणारा माणूस चपला काढून ठेवतो. तो चपलांसकट उतरला.

रपट्याच्या कडेचे दगड पायाने चाचपत, वाकडा होत तो मध्यापर्यंत पोचला आणि त्याने खांबाला मिठी मारली. पाणी त्याच्या कमरेच्या वर होतं. कोल्ही नाल्याने त्याचा खाकी सदरा काढून नेला आणि तो मुंबईपर्यंत गेला म्हणतात. तेवढं सोडून द्या. पण जानरावाने काचेतून पाहिलं, ते खरं. माणूस कमरेच्या वर बुडालेला आणि खांब मात्र सांगतोय की पाणी थोडं आहे. दोघांतला एक खोटं बोलत होता. जानरावाने ब्रेक दाबला, आणि आतल्या माणसांच्या किंकाळ्यांत गाडी हळूहळू मागे घेतली.

देवमनला काढलं ते पोळ्याच्या कासऱ्यांनी. पाच-सात कासरे एकाला एक बांधून टाकले आणि बैलांसारखीच माणसं जुंपून ओढली. ज्याच्या बैलाचा कासरा त्याचा हात. त्या घाईत कोणी कोणाची जात पाहिली नाही. पाहिली असती तर दोर कमी पडला असता.

सकाळपर्यंत पाणी उतरलं. जानराव गाडी घेऊन रपट्याशी आला, उतरला आणि किल्लीने खांबाचा पांढरा रंग खरवडला. आत लाल. खाली खरवडला, तिथंही लाल. गाव गोळा झालं होतं. खुशालराव गाडीतून उतरला, धोतर सावरलं आणि गंभीर आवाजात म्हणाला की हे कोणाचं काम आहे याची चौकशी व्हायला पाहिजे. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या नव्या टोप्यांकडे पाहत होते, त्या डोक्यावर असून.

"मी केलं," देवमन म्हणाला.

जानरावाने किल्ली खिशात टाकली. "तू पाण्यात आला म्हणून आमी वाचलो," तो म्हणाला. "अन् तू रंग लावला म्हणून आमी पाण्यात आलो. आता तुले काय म्हणू, तूच सांग."

 अमरावतीला साहेबापुढे कबुली द्यायला जातो, एवढंच देवमन म्हणाला, आणि घरून रंगाचा डबा आणला. लाल पूर्वीच्या जागी उतरवला. कड वेडीवाकडी आली. खुशालराव तोवर निघून गेला होता. मुक्काम राहतो की जातो ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी अमरावतीकडे निघाली तेव्हा बाप-लेक एकाच बाकावर बसले. शकुनच्या मांडीवर पुस्तकं. सरपंचाच्या सांगण्यावरून ते केलं, हे काहून नाही सांगत, असं तिने वाटेत दोनदा विचारलं. ब्रश माझ्या हातात होता, एवढंच तो दोन्ही वेळा म्हणाला.

शाळेचा थांबा आला. कंडक्टरने घंटी मारली. शकुन उठली नाही.

"उतर माय," देवमन म्हणाला. "हजेरी जाईन."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "ब्रशचं तुमी सांगा. बाकीचं मी सांगन."

 कंडक्टरने पुन्हा घंटी मारली आणि गाडी हलली.