हौसेरावांची मान

रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्याची बस हौसेराव सोळा वर्षं चालवत होते. सकाळच्या पाळीची माणसं वाशीहून उचलायची, कोपरखैरणे, घणसोली करत कारखान्यात पोचवायची, दुपारी परत आणायची. सोळा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही! कारखान्यात नवा माणूस लागला, की त्याला साहेबांची नावं नंतर कळत, हौसेरावांची ही गोष्ट आधी कळे. तासगाव तालुक्यातून आलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या या ड्रायव्हरला त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

पंच्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्यांची मान धरली. उशी चुकली असेल, म्हणून त्यांनी बाम चोळला. महिना गेला, दोन गेले. दुखणं थोडं कमी झालं, पण मान काही मोकळी होईना. उजवीकडे जेमतेम वळे. डावीकडे तर हनुवटी चार बोटंसुद्धा सरकत नसे. डाव्या बाजूचं पाहायचं तर कमरेपासून अख्खं अंग वळवावं लागे. हौसेराव तसे वळू लागले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून निर्धास्तही झाले.

पण घरात काय लपणार? दिघ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत पुतळाबाईंनी मागून हाक मारली, की हौसेराव बसल्या जागी पाट फिरवावा तसे सगळेच्या सगळे फिरत.

"अवो, निस्ती मान वळवा की," एकदा त्या म्हणाल्या.

"ऐकायला येतंय मला. वळायची काय गरज?"

"वळत न्हाई म्हना. डॉक्टरला दाखवा आता. किती दिस अंगावर काढणार?"

"आणि डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हनून चिठ्ठी दिली तर?" हौसेरावांचा आवाज चढला. "आमच्यातला किसन ड्रायव्हर डोळ्याला कमी दिसतंय म्हनून सांगाय गेला. आज गेटवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिवतोय. ड्रायव्हरनं दुखणं सांगायचं नसतं, पुतळा."

त्याऐवजी ते दर रविवारी केस कापणाऱ्याकडे जात. तो डोकं दोन्ही हातांत धरून असा काही हिसका देई, की कडाड् आवाज निघे. घटकाभर बरं वाटे. सोमवारी मान पुन्हा तशीच!

वाचकहो, हे काही एकट्या हौसेरावांचं नाही. आपल्या घरोघरी कोणाचा खांदा वर जात नाही, कोणाचा गुडघा वाकत नाही, कोणाची कंबर सकाळी उठू देत नाही. आपण 'वय झालं' म्हणतो आणि सोडून देतो. मात्र हौसेरावांच्या मानेमागे रोज साठ माणसं बसलेली होती, आणि पुढे रस्ता होता.

शहाण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कोपरखैरण्याचा थांबा सोडून बोनकोड्याच्या बाजूला डावं वळण घ्यायचं होतं. तेवढ्यात उजवीकडून एका ट्रकनं हॉर्न दिला. हौसेरावांची नजर तिकडे गेली आणि हातांनी सवयीनं चाक डावीकडे फिरवलं. कमरेपासून वळायला जो एक क्षण लागत असे, तो त्या दिवशी मिळालाच नाही.

"दादा, बाई! बाई!" पुढच्या बाकावरचा कोणीतरी ओरडला.

हौसेरावांनी ब्रेकवर जीव खाऊन पाय दिला. बस गचकन थांबली. खाली खाडीचे खेकडे विकणारी बोनकोड्याची गोजराबाई उभी होती. बसचं नाक तिच्यापासून वीतभर अंतरावर. तिच्या डोक्यावरची पाटी खाली पडली होती आणि त्यातल्या चिंबोऱ्या डांबरावर तिरक्या धावत सुटल्या होत्या.

"डोळं कुठं ठेवलंस रं? मी काय मुंगी हाय?" गोजराबाई कडाडली.

कामगार उतरले. कोणी चिंबोऱ्या गोळा करू लागले, कोणी तिची समजूत घालू लागले. "मावशी, हौसेराव होते म्हणून वाचलात! दुसरा कोणी असता ना, तर गेल्या असतात आज. ब्रेक बघितलात कसा मारला?"

"मानलं दादा तुमाला!" मागून आवाज आले. कोणी टाळ्याही वाजवल्या.

सगळे आत चढताच हौसेरावांनी टाळ्यांकडे न पाहता गाडी सुरू केली.

दुपारी वाहतूक सांभाळणाऱ्या नंदकुमार प्रधान साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "सकाळचं कळलं मला. शाबास! मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आहे. यंदाचा सत्कार तुमचा. मी नाव पाठवलंय."

या सत्काराची हौसेरावांनी किती वर्षं वाट पाहिली होती! पण केबिनमधून बाहेर आल्यावर त्यांनी ही बातमी कोणालाच सांगितली नाही. ज्या चुकीनं एक बाई मरायची राहिली, त्याच चुकीसाठी शाल मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ते कोपरखैरण्याच्या बाजारात गेले. गोजराबाई पाटी मांडून बसली होती.

"मावशी, काल लोक काय बी म्हनाले, तरी चूक माझी होती," हौसेराव उकिडवे बसत म्हणाले. "मला डाव्या अंगाचं दिसलंच न्हाई. मान वळत न्हाई माझी. सहा महिने झाले."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणापुढे उच्चारलं होतं.

गोजराबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मंग गाडी कशाला चालवतंस?"

हौसेराव खाली पाटीकडे पाहू लागले.

"पोटासाठी म्हनशील. मी बी पोटासाठीच बसते हितं. तुज्या चाकाखाली गेले असते, तं माज्या घरच्या पोटांचं काय झालं असतं?" मग तिचा आवाज उतरला. "पन आलास, खरं बोललास. दुसरा आला नसता. ऐक, माजा खांदा असाच धरलेला. केस विंचरायला हात वर जात नवता. घरातली सगली म्हनत, आता वय झालं. वाशीला एक डाक्टरीन हाय, हातानं सांधं मोकलं करते. हा बघ!" आणि तिनं उजवा हात सरळ आभाळाकडे नेऊन दाखवला.

डॉक्टर गीतांजली परदेशात कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं दाब देऊन मणके-सांधे मोकळे करण्याचा उपचार, शिकून आल्या होत्या. वाशीत त्यांचा लहानसा दवाखाना होता. हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी बसत नसे, आणि कित्येक लोक त्यांना सरळ 'मालिशवाली डॉक्टर' म्हणत. हौसेरावही मनात तेच म्हणत गेले. पुतळाबाई सोबत होत्या.

पण बाईंनी मानेला हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. चक्कर येते का? हाताला मुंग्या येतात का? कधी पडलात का? मग छोट्या हातोडीनं कोपर-गुडघे तपासले, हाताची ताकद पाहिली, एक्स-रे काढून आणायला सांगितला. न्हाव्याच्या हिसक्याचं ऐकलं तेव्हा मात्र त्या खुर्चीतून उठल्याच.

"ते आजपासून बंद! न तपासता मानेला हिसका देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे."

दोन दिवसांनी एक्स-रे पाहून त्या समजावू लागल्या. "हौसेराव, गाडी दोन-तीन महिने जागची हलवली नाही, तर काय होतं?"

"ब्रेक धरतो. चाक जाम होतं."

"चाक मोडलेलं असतं का?"

"न्हाई. फिरायचं इसरलेलं असतं."

"छान बोललात! तुमच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. त्यांतले दोन-तीन नीट हलत नाहीत. ते दुखतात म्हणून आसपासचे स्नायू त्यांना आवळून धरतात, आवळले म्हणून तुम्ही मान वळवत नाही, आणि वळवत नाही म्हणून ते आणखी आखडतात. मी तिथे बरोबर त्या जागी, बेतानं दाब देऊन त्यांना पुन्हा हलायला लावते. हाड सरकलेलं नाही, त्यामुळे ते बसवायचाही प्रश्न नाही. 'कट्' असा आवाज येईल, तो सांध्यातल्या हवेचा. नाही आला तरी बिघडत नाही. आणि हे सगळ्यांना चालत नाही. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत, ज्यांची नस दबली आहे, त्यांना मी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते. तुम्हाला चालेल. मात्र अर्धं काम माझं, अर्धं तुमच्या रोजच्या व्यायामाचं."

"किती दिस?"

"दोन-तीन महिने. आणि तोवर गाडी चालवायची नाही."

हौसेराव ताडकन उभे राहिले. "ते जमायचं न्हाई, म्याडम! सोळा वर्षांची इज्जत हाय माझी."

"सोळा वर्षं ओरखडा नाही, हे तुमचं कसब," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण गेल्या सहा महिन्यांत कोणी मेलं नाही, तो निव्वळ योगायोग. या दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नका. आणि मला सांगा, पाय मोडला असता, तर लपवला असता?"

"न्हाई. तो दिसतो."

"म्हणजे जे दिसत नाही ते सांगितलं, तर लोक खोटं समजतील, कामचोर म्हणतील, हीच भीती ना? ही भीती तुमच्या मानेपेक्षा जास्त आखडलेली आहे, हौसेराव. ती मला हातानं सोडवता येणार नाही. ती तुम्हीच सोडवायची."

हौसेरावांनी पुतळाबाईंकडे पाहिलं. परत जाताना रिक्षात त्यांनी नवऱ्याचा हात धरला, आणि दुसऱ्याच दिवशी हौसेरावांनी रजेचा अर्ज टाकला.

चार मार्चला कारखान्याच्या कँटीनमध्ये सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम झाला. टेबलावर घडी केलेली शाल आणि नारळ. हौसेरावांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. ते व्यासपीठावर गेले, शाल द्यायला पुढे झालेल्या प्रधान साहेबांना हात जोडून थांबवलं आणि माइकसमोर उभे राहिले.

"ही शाल माझी न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी माझा ब्रेक उशिरा लागला. माझी मान सहा महिने डावीकडं वळत न्हाई. मी लपवलं. ती बाई वाचली, ते तुमच्यापैकी एक जण ओरडला म्हनून. रोज मी तुमचे साठ जीव घेऊन फिरत हुतो आणि खोटं बोलत हुतो. मला माफ करा."

मागे कोणीतरी फसकन हसलं. "गेली बस हातातून!"

प्रधान साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "सहा महिने? सहा महिने तुम्ही असे चालवत होतात?"

"व्हय साहेब."

शाल टेबलावर तशीच राहिली. हौसेरावांना भांडारात बसवण्यात आलं. ती शिक्षा त्यांनी मुकाट्यानं घेतली, कारण ती योग्यच होती.

आठवड्यातून दोनदा ते वाशीला जात. पहिल्या वेळी डॉक्टरांनी पाठीचा वरचा भाग नुसता हलवून सैल केला. मग श्वास सोडायला सांगून मानेच्या मुळाशी एक हलका, झटकन दाब दिला. कट्! हौसेराव दचकले. उठून बसले आणि हळूच डावीकडे पाहू लागले. हनुवटी दोन बोटं पुढे सरकली होती. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही विसरले.

पण मोकळं होणं एका दमात झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात भांडारात डबे उचलताना मान पुन्हा धरली. "सगळं फुकट गेलं," म्हणून ते दोन दिवस व्यायामाला बसलेच नाहीत. मग पुतळाबाई स्वतःच चटई टाकून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चला, मी बी करते तुमच्यासंगं." तेव्हापासून दिघ्याच्या त्या खोलीत रोज सकाळी दोन माणसं एकमेकांसमोर बसून मान डावी-उजवीकडे वळवताना दिसू लागली. शेजारचे हसत. हसोत बापडे!

मेच्या मध्यावर हनुवटी खांद्यापर्यंत पोचली. डॉक्टरांनी पत्र दिलं. ते घेऊन हौसेराव प्रधान साहेबांकडे गेले.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "तुमचा राग आला होता मला," ते म्हणाले. "मग वाटलं, तुम्ही लपवलंत ते आमच्यामुळेच. जो दुखणं सांगेल त्याची गाडी काढून घ्यायची आणि त्याला कायमचं गेटवर बसवायचं, ही पद्धत आमची. मग सांगेल कोण? चूक दोन्हीकडे होती, हौसेराव."

त्याच आठवड्यात हौसेरावांची ठाणे-बेलापूर रस्त्यावर चाचणी झाली. शेजारी परीक्षक, मागे प्रधान साहेब. प्रत्येक वळणावर खांदा जागच्या जागी आणि मान मात्र पूर्ण फिरलेली! परीक्षकानं कागदावर सही केली आणि बस पुन्हा हौसेरावांची झाली. दुसऱ्या दिवशी ते आत चढले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे कामगार एक एक करून त्यांच्याजवळून जात, "नमस्कार दादा" म्हणत आपापल्या जागेवर बसले. हौसेरावांची छाती त्या दिवशी जेवढी भरून आली, तेवढी सोळा वर्षांत कधी भरून आली नव्हती.

प्रधान साहेबांनी नियम बदलला. दरवर्षी सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी व्हायची, आणि दुखणं सांगणाऱ्याची जागा तो बरा होईपर्यंत राखून ठेवायची. तरी पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. शेवटी टँकर चालवणारा नामदेव हौसेरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, क्लच दाबला की गुडघा अडकतो माझा. सांगितलं तर गाडी जाईल का?"

"जाईल," हौसेराव म्हणाले. "थोडे दिस जाईल, पन परत येईल. न सांगता काय झालं, तर गाडी बी परत येत न्हाई आणि समोरचा मानूस बी. चल, मी येतो तुझ्यासंगं." आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला साहेबांच्या केबिनकडे घेऊन गेले.

मित्रहो, आखडलेला सांधा म्हणजे काही कपाळावरचा लेख नव्हे. जाणकाराच्या हातानं, नीट तपासणीनं आणि स्वतःच्या कष्टानं तो पुष्कळदा पुन्हा चालू लागतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? लाज वाटायला हवी ती दुखणं दडपून दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याची, आणि दुखणं सांगणाऱ्याला हसण्याची. आपल्या घरात, आपल्या कचेरीत कोणी 'मला जमत नाही' असं धीरानं सांगितलं, तर त्याला बाजूला बसवू नका. त्याच्यासोबत चार पावलं चाला. अशी माणसं ज्या गावात असतात, त्या गावाला आपल्या माणसांचा अभिमान वाटतो!