टेम्पोवाल्याची गाठ

ऐका, मी दोर आहे. अंगाने जाड, पण मनाने भित्रा. आधी असा नव्हतो.

यंत्रावर पीळ देऊन मला बनवलं आणि स्काउट पथकाच्या सरांनी विकत घेतलं. मुलं मला खांबाला बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. पथकाचा एक नियम होता. एकाने गाठ मारायची, दुसऱ्याने सगळा भार टाकून ती ओढायची आणि मोठ्याने ‘तपासली’ म्हणायचं. त्याआधी कुणी माझ्या भरवशावर चढायचं नाही. म्हणून मी निर्धास्त होतो.

पथकात दोघे भाऊ होते. दादा टोळीनायक, आणि धाकटा त्याच्या मागे शेपटासारखा. बाबा टेम्पोवर लोकांचं घरसामान वाहायचे. शिबिराला पालकांनीही मदतीला यावं, असं सरांनी सांगितलं, तेव्हा बाबा काम बंद ठेवून आले. इस्त्रीचा शर्ट घालून. आई स्वयंपाकाला आली.

ओढ्यावर दोराचा पूल करायचा होता. खाली पायाला एक दोर, वर हाताला मी. सर पलीकडच्या काठावर होते. अलीकडे मला झाडाला बांधायला बाबा पुढे झाले आणि त्यांनी टेम्पोवरची गाठ मारली. ती ताणलेली असते तोवर धरते. सामान उतरवताना मोकळं टोक ओढलं की झटक्यात सुटते. सामान मुकाट बसून राहतं. माणूस हेलकावे खातो. मला ते जाणवलं आणि माझा पीळन्‌पीळ गार पडला.

दादा जवळ आला. “बाबा, जरा ओढून बघतो.”

“अरे, कपाटं बांधून घाट चढलोय मी. आता तू बापाची गाठ बघणार होय?”

पालक हसले. एक काकू म्हणाल्या, “बघू द्या की, मार्क देईल तुम्हाला.”

आई चुलीपासून ओरडली, “घरी कपड्यांची दोरी बांधा म्हटलं तर वेळ नसतो ह्यांना.”

दादाही हसला. त्याचे कान लाल झाले होते. माझ्यावर ठेवलेला हात त्याने काढून घेतला आणि पलीकडे ऐकू जाईल असं ओरडला, “तपासली.”

धाकटा पुढे सरकला, तशी दादाने त्याची कॉलर धरली. “तू थांब. आधी मी जातो.”

तो मध्यावर पोचला. पूल डोलला. माझं टोक बोटभर सरकलं. पुन्हा डोलला, अजून सरकलं. सुटतोय, मी सुटतोय, हे मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. बाबा टाळ्या वाजवत होते.

खाली पाणी थोडं होतं, दगड फार. दादाला वर काढलं तेव्हा त्याचा श्वास थांबला होता, तरी मी त्याच्या मुठीत होतो. त्याने मला सोडलं नाही. मीच झाड सोडलं.

बाबांनी मला घरी का आणलं, कुणी विचारलं नाही. मी टेम्पोच्या सीटमागे पडून राहिलो. बाबा आता माल बांधत नाहीत, हमालाला सांगतात.

काल सर घरी आले. “मला तोंड नाही इथे यायला. पण धाकट्याला पथकात परत यायचंय म्हणे.”

आई म्हणाली, “त्याला जायचं तर जाऊ दे. हे येणार नाहीत.”

“मी लांब बसेन,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. “कशाला हात लावणार नाही.”

धाकटा तडक उठला, त्याने मला टेम्पोतून ओढत आणलं आणि बाबांच्या मांडीवर टाकलं. “बांधा खिडकीला. मी बघणार. दादाला बघू दिलं नाहीत तुम्ही.”

आई भिंतीकडे वळली. बाबांनी मला गजाला बांधलं. धाकट्याने मला दोन्ही हातांनी धरलं, आणि त्याला ओढवेना. मी सुटलो तर बाबांचं काय होईल, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तो हात सोडून बाहेर निघून गेला.

आज तो पुन्हा खिडकीपाशी आलाय. माझ्यासमोर उभा आहे. बाबा दारात आहेत. मी टिकेन की नाही, मलाच ठाऊक नाही. भीतीने मी ताठ झालोय.

पण बाळा, तू ओढ. सगळा भार टाकून ओढ. बापाला वाईट वाटलं तर वाटू दे.