सिब्रेनचं पहाटपाणी

सिब्रेनने कुंडीवरचं काळं कापड उचललं आणि सभागृहातल्या सगळ्यांच्या कॉफीचे कप हातातच राहिले.

उन्हाळ्यात त्या घटपर्णीच्या झाडाची पानं करपली होती, खोड काळं पडलं होतं आणि किडे पकडणारा एकही घट उरला नव्हता. ते जगेल असं घटपर्णी मंडळातल्या एकालाही वाटलं नव्हतं. आता बुंध्यापासून हिरवागार कोंब वर आला होता आणि त्याच्या पानांच्या टोकांना तीन गुबगुबीत घट लोंबत होते. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवरून उठून पुढे आली. नेदरलँड्समधल्या ड्राख्टेन गावच्या थंड माणसांनी एवढं केलं म्हणजे फार झालं.

"यंत्र नाही, औषध नाही, खत नाही," सिब्रेन हळू आवाजात म्हणाला. हळू बोललं की माणसं वाकून ऐकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "फक्त पहाटपाणी. नळाच्या पाण्याला काय आठवतं? नळ. पण दलदलीवर पहाटे तांब्याच्या भांड्यात उतरलेल्या पाण्याला ढग आठवतो, ढगाला डोंगर आठवतो. हे पाणी झाडाच्या कानात त्याच्या डोंगराचं नाव सांगतं."

"झाडाला कान कुठे असतात रे?" म्हाताऱ्या आउक्येने विचारलं.

"विश्वास असतो तिथे असतात, आउक्ये. तुझी झाडं बहुधा बहिरी असतील."

सगळे हसले. आउक्येही हसली, पण हातातलं बिस्कीट तिने न खाताच बशीत ठेवलं.

वीत्स्के मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, कारण ते झाड तिच्या नवऱ्याचं होतं. गेर्लोफने ते बोर्निओच्या डोंगरावरच्या बियांपासून वाढवलं होतं. त्याच्या मुलासारखं ते त्याच्यासोबत मोठं झालं आणि तो गेल्यावर वर्षाच्या आतच आजारी पडलं. नवरा गेला तो गेला, निदान त्याचं झाड तरी आपल्या हातून जाऊ नये, एवढीच तिची इच्छा उरली होती. तिने पुढे जाऊन तिथल्या रीतीप्रमाणे सिब्रेनच्या गालांवर तीनदा ओठ टेकवले आणि म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू?"

"वेडी आहेस का? गेर्लोफ माझा भाऊच होता."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ही माणसं काही अडाणी नव्हती. अध्यक्ष वुब्बो दातांचा डॉक्टर होता आणि संधिवातासाठी तांब्याचं कडं घालणाऱ्या सख्ख्या बहिणीची तो जेवताना टर उडवायचा. वीत्स्केने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. चर्चची पायरी तर त्यांच्यातलं कुणीच चढत नसे. मग त्यांची अक्कल गहाण पडली कशी?

ती पडली काटकसरीपायी. डोंगरमाथ्यावरच्या या घटपर्णींना दिवसा ऊब चालते, पण रात्री कडक गारवा लागतो. तो मिळाला नाही तर त्या झुरून मरतात. म्हणून प्रत्येकाच्या घरी थंड हवेचं यंत्र रात्रभर घरघरत असे आणि विजेचं बिल आलं की नवरा-बायकोत दोन दिवस अबोला असे. अशात सिब्रेन म्हणाला, "यंत्रं बंद करा, माझं पाणी घाला." फुकटात काम होतंय म्हटल्यावर शंका घेणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा होता.

फक्त गेर्लोफने ऐकलं नव्हतं. "सिब्रेन, पाणी म्हणजे पाणी. गारवा म्हणजे गारवा," असं तो तोंडावर सांगायचा आणि तरीही दर रविवारी गेर्लोफच्याच घरी दोघं मिळून कॉफी प्यायचे. गेर्लोफ गेला तेव्हा शवपेटीला सिब्रेनने खांदा दिला. पुढच्याच आठवड्यात तो वाटाण्याचं घट्ट सूप घेऊन आला, वीत्स्केला जबरदस्तीने दोन घास खायला लावले आणि मग झाडांच्या खोलीत जाऊन यंत्राचं बटण त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं. "एकटी बाई तू. एवढं बिल कशाला भरतेस? मी रविवारी कॉफीला येताना पाणी आणून देत जाईन." तेव्हा तिला वाटलं होतं, किती काळजी घेतो हा माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात झाड कोमेजलं. सिब्रेन आला, त्याने मान हलवली आणि ते कापडात गुंडाळून आपल्या तळघरात नेलं. "बरं होईपर्यंत कुणाची नजर पडता कामा नये," तो म्हणाला. वुब्बोची झाडंही तशीच गेली होती, इतरांचीही. सगळी कापडाखाली गेली आणि टवटवीत होऊन परत आली. घटांचा आकार थोडा वेगळा दिसे, पण त्यालाही उत्तर तयार होतं. कोवळ्या कोंबाचे घट आणि जुन्या वेलीचे घट वेगळे दिसतात, हे या छंदातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. अडाण्याला शंका आली असती. या जाणकारांनी माना डोलावल्या.

झाड घरी आलं आणि वीत्स्केच्या उबदार खोलीत, यंत्र बंद असताना, झपाट्याने वाढलं. मे महिन्यात त्याला फुलांचा तुरा आला.

वीत्स्के चष्मा लावून आनंदाने जवळ गेली. बारकी तपकिरी फुलं होती. एकाला बोट लागलं आणि बोट पिवळं झालं. तिने दुसऱ्याला लावलं, तर पुन्हा पिवळं.

घटपर्णीत नर झाड वेगळं असतं आणि मादी झाड वेगळं. गेर्लोफचं झाड मादी होतं. ते पहिल्यांदा फुललं तेव्हा त्याने तिला आंघोळीतून ओल्या केसांनी ओढत आणून ते इवलेसे हिरवे बीजांडकोश दाखवले होते, आणि "मादी आहे, वीत्स्के, मादी" म्हणत हा एरवी घुमा माणूस खोलीभर नाचला होता. मादीच्या फुलाला पराग येत नाही. तिच्या बोटावर पराग होता.

तिने सिब्रेनला फोन केला. अजूनही तिला वाटत होतं की आपलंच काही चुकतंय.

"पुनर्जन्मात असं होतं कधीकधी," तो शांतपणे म्हणाला. "झाड गेर्लोफसाठी व्याकूळ झालं होतं ना? त्याने गेर्लोफचं रूप घेतलं. तुझा नवरा तुझ्याकडे परत आलाय असं समज."

वीत्स्केने फोन ठेवला. पाण्याची थाप तिने पचवली असती. पण या माणसाने गेर्लोफचं नाव थापेत घातलं होतं, आणि तेही तिला रडू येईल अशा बेताने. तेवढ्यावरून तिला बाकीचं सगळं कळलं.

जूनच्या बैठकीत तिने कुंडी टेबलावर ठेवली, तुऱ्याला बोट लावलं आणि ते पिवळं बोट सगळ्यांना दाखवलं. "हे गेर्लोफचं झाड नाही. हा बाजारात मिळणारा दणकट संकर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतसुद्धा वाढतो. म्हणूनच याला गारवा लागला नाही. पाण्याचा काही संबंध नाही. सिब्रेन, माझं झाड कुठे आहे?"

"दुःखाने बिचारीचं डोकं…" सिब्रेन हळू आवाजात सुरू झाला.

"मोठ्याने बोल."

"तू माझा अपमान करतेयस, वीत्स्के. इतक्या वर्षांची मैत्री."

"मैत्री आहे म्हणूनच विचारतेय. तळघर दाखव, मी सगळ्यांसमोर माफी मागते."

वुब्बो खाकरला. "दाखव की. त्यात काय एवढं? माझीही दोन झाडं आठवायला लागलीत मला."

सगळे सायकलींवर निघाले. सिब्रेनच्या घराच्या मागच्या भिंतीजवळ पोचले तेव्हा बोलायची गरजच उरली नाही. भिंतीवर भलंमोठं यंत्र घरघरत होतं. वुब्बोने हात पुढे केला, तर गरम वारा लागला.

"हे काय थंड करतंय रे?" त्याने विचारलं. "आम्हाला तर बंद करायला लावलीस."

सिब्रेन दारात उभा राहिला. पण समोरच्या घरांच्या उघड्या खिडक्यांतून शेजारी बघायला लागले होते, आणि शेजाऱ्यांनी बघणं त्या गल्लीत पोलीस येण्यापेक्षा वाईट. त्याने मुकाट्याने किल्ली फिरवली.

तळघरात अंगावर काटा येईल असा गारवा होता. आणि फळ्यांवर त्यांची झाडं होती. वुब्बोची दोन्ही होती, आउक्येची एक होती, आणि कोपऱ्यात जांभळ्या ओठांचे घट मिरवत गेर्लोफचं झाड उभं होतं. त्याच्या तुऱ्यावर बीजकोश फुगले होते. सिब्रेनने त्याची बीजंही धरायला घेतली होती. मेलेल्या मित्राच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

"मी ते वाचवलंय," सिब्रेन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुझ्याकडे ते मेलं असतं."

"हो, वाचवलंस. गारव्याने वाचवलंस, पाण्याने नाही. आणि मारायला कोण निघालं होतं? माझ्या घरात सूप घेऊन येऊन ते बटण बंद करणारा हात कुणाचा होता?" वीत्स्केने विचारलं. "तू सांगितलं असतंस की हे झाड मला हवंय, तर मी दिलं असतं, सिब्रेन. तुलाच दिलं असतं. गेर्लोफनंतर तुझ्याशिवाय त्याला कोण सांभाळणार होतं? पण तू केसाने गळा कापलास."

बाकीचे आपापल्या कुंड्या उचलताना एकमेकांकडे बघतही नव्हते.

"आपण एवढे शिकलेले," वुब्बो पुटपुटला. "मी तर डॉक्टर."

"पाण्यावर आपला कुणाचाच विश्वास नव्हता," वीत्स्के म्हणाली. "याच्यावर होता. आणि वीज वाचत होती. म्हणून एकानेही एक झाड पाण्याशिवाय ठेवून बघितलं नाही. कापडाखाली काय आहे ते बघू दे म्हणालो नाही. एवढंच करायचं होतं, आणि ते शाळेतल्या पोरांनाही जमतं. माणसावर विश्वास ठेवा, जरूर ठेवा. पण त्याला विचारत राहा. विचारलं म्हणून जो अपमान झाला म्हणतो, त्याच्या हातात आपलं काही ठेवू नका."

तिने गेर्लोफचं झाड छातीशी धरलं. तुऱ्यावरचे बीजकोश तिच्या गालाला लागत होते. जिना चढता चढता ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "रविवारी कॉफीला येऊ नकोस."